लिंकनच्या मारेकऱ्याचा पाठलाग: विश्रामबागेतल्या दोन संध्याकाळच्या वर्गाबद्दल

सांगलीत व्याख्यानांना तोटा नाही, पण पैसे भरून दोन संध्याकाळी बसून अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याच्या खुनाच्या १८६५ सालच्या तपासाची गोष्ट ऐकायला लोक येतील का अशी मला शंका होती, आणि प्रत्यक्षात हॉल भरलेला, मागे चार-पाच जण भिंतीला टेकून उभे. विश्रामबागेत एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड शिक्षक जोडपं हे वर्ग घेतं, सर इतिहासाचे आणि बाई भूगोलाच्या. नावं लिहीत नाही, त्यांना ते आवडत नाही. दोन्ही संध्याकाळचे मिळून चारशे रुपये, कॉलेजच्या पोरांना निम्मे, मधल्या वेळेत चहा आणि भडंग त्यातच. मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पोलीस खात्यात हवालदार होते, त्यामुळे तपास म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. दोघांनाही मनापासून आवडलं आणि का आवडलं ते नीट सांगायचंय म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, चार स्टार देऊन विषय संपवावा असा हा वर्ग नाही.

आधी तिथे करतात काय ते सांगते. हॉलच्या मधोमध जमिनीवर एक मोठी ताडपत्री अंथरलेली असते आणि तिच्यावर बाईंनी ऑइलपेंटनं स्वतः काढलेला नकाशा. वर वॉशिंग्टन शहर, त्याच्या खाली मेरीलँडचा दक्षिण भाग, मग पोटोमॅक नदी निळ्या पट्ट्यानं, पलीकडे व्हर्जिनिया, आणि अजून खाली रॅपाहॅनक नदी. खुर्च्या दोन बाजूंना. एका बाजूचे लोक म्हणजे वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूचे म्हणजे रस्ता. प्रत्येक बाजूला वेगवेगळी पाकिटं मिळतात आणि पाकिटावर तारीख-वेळ लिहिलेली असते, सर सांगतील तेव्हाच फोडायची. वॉशिंग्टनवाल्यांना फक्त तेवढंच कळतं जेवढं त्या घडीला युद्धमंत्री एडविन स्टँटनला कळलेलं होतं. रस्त्याच्या बाजूला मात्र मारेकरी कुठं बसलाय, कुणाच्या घरी जेवतोय ते सगळं समोर दिसत असतं पण बोलायचं नाही. आम्ही वॉशिंग्टनमध्ये होतो. समोरची माणसं डोळ्यांनी खुणा करतायत आणि आपल्या हातात पाकीट नाही, ही जी घालमेल होते ना ती कुठल्याच पुस्तकानं मला दिली नव्हती.

सुरुवातीला यादवी युद्धाची पार्श्वभूमी सरांनी फार रेंगाळत न बसता सांगितली आणि एक गोष्ट अगदी स्वच्छ सांगितली की हे युद्ध गुलामगिरीवरून झालं, दक्षिणेतल्या ११ राज्यांना माणसं विकत घ्यायची-विकायची मुभा सोडायची नव्हती, बाकी कारणं लोक नंतर जोडत बसतात. १८६१ ते १८६५, सहा लाखांहून जास्त माणसं मेली. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यानं ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली, ११ तारखेला लिंकननं जमलेल्या लोकांसमोर भाषण केलं आणि त्यात शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्या माणसांना मताचा हक्क मिळावा असं बोलला. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. हे याचं शेवटचं भाषण असं तो सोबतच्या माणसाला म्हणाला आणि तीन दिवसांनी, १४ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या रात्री, त्यानं ते खरं केलं. म्हणजे युद्ध कागदावर सुद्धा पुरतं संपलेलं नव्हतं, दक्षिणेची दुसरी मोठी फौज जॉन्स्टनच्या हाताखाली अजून मैदानात होती, ती शरण आली २६ एप्रिलला, आणि बूथ मेला तो पण २६ एप्रिललाच. ही तारीख सरांनी पहिल्याच तासात फळ्यावर लिहून ठेवली होती, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

आता नाटकाचा भाग. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, त्यामुळे हे इथे सांगितलं नसतं तर मला राग आला असता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर केलं तेव्हा हा बूथ पाच वर्षांचा होता, जन्म १८३८ चा, बाप नामांकित नट, भाऊ एडविन त्याहून नामांकित. म्हणजे मारेकरी कोण तर तिकीट काढून लोक ज्याला बघायला यायचे असा माणूस. फोर्ड्स थिएटरमध्ये त्याची पत्रं यायची, दारावर कुणी अडवायचं नाही, त्या रात्रीचं विनोदी नाटक त्याला इतकं पाठ की कुठल्या वाक्याला थिएटर हसून दणाणतं ते माहीत, त्याच हशात त्यानं वरच्या बॉक्समध्ये बसून नाटक बघणाऱ्या लिंकनला गोळी घातली. हातात एक बाराचं छोटं डेरिंजर पिस्तूल आणि एक सुरा. शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोनला सुरा मारून बॉक्समधून खाली स्टेजवर उडी घेतली आणि मागच्या दारानं घोड्यावर.

आणि हा सगळा प्रसंग सरांनी दोन-तीन मिनिटांत संपवला. आवाज चढवला नाही, पिस्तुलाची ॲक्टिंग नाही, काही नाही. बूथ स्टेजवर येऊन लॅटिनमध्ये काय ओरडला ते सुद्धा सांगितलं नाही. मागून एका मुलानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बाळा, त्याला तेच पाहिजे होतं, की लोकांनी त्याचा डायलॉग पाठ करावा. आपण नको करूया." मला हे इतकं पटलं. खुनी माणसाची हिरोगिरी करणारे व्हिडिओ आपण रोज बघतो, म्युझिक लावून, स्लो मोशन करून, आणि इथे एक जण मुद्दाम तो उजेड काढून घेतोय आणि दुसरीकडे वळवतोय. त्याऐवजी सरांनी वेळ दिला तो थिएटरच्या मालकाला. फोर्ड त्या रात्री शहरात पण नव्हता, रिचमंडला गेलेला, तरी त्याला ३९ दिवस आत ठेवलं. नाटकवाल्यांच्या गावात हे ऐकताना लोक चुळबुळ करत होते, ते जाणवत होतं.

मग पाकिटं सुरू झाली. पहिल्या पाकिटात गोळीची बातमी. ते वाचून होतंय तोवर दुसरं, की परराष्ट्रमंत्री सेवर्डच्या घरात कुणीतरी घुसून त्याच्यावर सुऱ्याचे वार केलेत. सेवर्ड आधीच गाडीच्या अपघातात जबडा मोडून अंथरुणावर होता. म्हणजे एक माणूस नाही, कट आहे, आणि अजून कोण कोण आहे माहीत नाही. उपाध्यक्ष जॉन्सनला मारायचं काम जॉर्ज ॲट्झेरॉट नावाच्या माणसाकडे होतं, त्याचा धीर सुटला आणि तो दारू पीत फिरला, पण हे वॉशिंग्टनच्या पाकिटात त्या रात्री नव्हतं, ते आम्हाला फार नंतर कळलं. लिंकनला थिएटरसमोरच्या पीटरसन नावाच्या माणसाच्या घरात एका छोट्या खोलीत पलंगावर तिरका झोपवलेला, कारण उंची जास्त, आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत स्टँटननं ऑफिस मांडलं, साक्षीदार बोलावून जबान्या घेतल्या, टॅनर नावाचा दोन्ही पाय गमावलेला सैनिक लघुलिपीत उतरवून घेत होता. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लिंकन गेला. भिंतीपलीकडे माणूस मरतोय आणि इकडे जबानी चालू. मामा तेव्हा हळूच मला म्हणाले, "असंच करायला लागतं गं, पहिल्या रात्रीची जबानी गेली की गेली."

मामांचा खरा कस लागला तो पुलाच्या प्रसंगाला. नेव्ही यार्डचा पूल रात्री नऊनंतर बंद, पहाऱ्यावर सार्जंट सायलस कॉब. बूथ घोडा दामटत आला, नाव विचारलं तर खरं नाव सांगितलं, बूथ, आणि कॉबनं सोडला. मागून त्याचा साथीदार डेव्हिड हेरॉल्ड आला, त्यानं खोटं नाव सांगितलं, त्याला पण सोडला. सर म्हणाले आपल्या आयर्विन पुलावर सांगलीवाडीच्या तोंडाला रात्री नाका लावलाय आणि तिथल्या शिपायाला गावात काय झालंय ते माहीतच नाही असं समजा. हॉलमध्ये लगेच सुरू झालं की हलगर्जी, सस्पेंड करायला पाहिजे होता वगैरे. मामा उठले आणि म्हणाले, "त्याला कळवलं कुणी? वायरलेस आहे का काही? युद्ध संपलंय, लोक खुशीत आहेत, एक माणूस घरी चाललोय म्हणतोय. मी पण सोडला असता." शांतता झाली. सर म्हणाले अगदी बरोबर, आणि तिथून पुढे दोन्ही संध्याकाळ काही आलं की सर मामांकडे बघायचे.

आता तो बूट. हे मला सगळ्यात लक्षात राहिलं. उडी मारताना का नंतर घोड्यावरून पडून, पण बूथच्या डाव्या पायाचं घोट्याच्या वरचं हाड मोडलेलं. पहाटे चारच्या सुमाराला तो आणि हेरॉल्ड डॉक्टर सॅम्युअल मडच्या घरी पोचले, मडनं बूट कापून काढला आणि पाय बांधून दिला. बाईंनी एक जुना गुडघ्यापर्यंतचा डावा बूट कुठून तरी मिळवलाय, पुढून उभा चिरलेला, तो हातोहात फिरवतात. चामडं जाड, चिरलेल्या कडा आत वळलेल्या, आणि आत वरच्या बाजूला शाईनं जे. विल्क्स. खरा बूट अर्थातच वॉशिंग्टनला म्युझियममध्ये आहे, हा नमुना, पण आत बोट घालून ती अक्षरं चाचपली की पुराव्याचं वजन हाताला कळतं. आणि त्या बुटाबरोबर वेळापत्रक ऐका. शनिवारी पहाटे बूथ मडकडे. रविवारी चर्चनंतर मडनं आपल्या चुलतभावाला सांगितलं की दोन अनोळखी माणसं येऊन गेली, तू कळव. चुलतभावानं सोमवारी कळवलं. सैनिक मडच्या दारात मंगळवारी. आणि बूट हातात आला शुक्रवारी, २१ तारखेला, तोही दुसऱ्यांदा घर झडायला गेले तेव्हा. काही तासांच्या अंतरावरच्या माहितीला आठवडा लागला. आमच्या बाजूला हे पाकीट आलं तेव्हा समोरचे लोक हुश्श करून हसले, कारण त्यांना ते कधीपासून माहीत होतं.

मड खरा अनभिज्ञ होता का सामील होता यावर चहाला जोरदार भांडण झालं. सरांनी मत सांगितलं की बूथला तो आधी भेटलेला होता हे सिद्ध आहे आणि त्यानं ते लपवलं, एवढं पुरे. मला पण तसंच वाटतं.

दुसरी संध्याकाळ जास्त भारी. पाइनच्या झाडीत बूथ आणि हेरॉल्ड चार-पाच दिवस लपून, थंडी, आग पेटवायची नाही, घोडी खिंकाळतील म्हणून ती पण मारून टाकली. थॉमस जोन्स नावाचा माणूस त्यांना चोरून खाणं आणि वर्तमानपत्रं पोचवत होता. बूथला वाटलेलं की दक्षिणेत आपल्याला डोक्यावर घेतील, आणि पेपरात बघतो तर सगळीकडून शिव्या. मग तो खिशातल्या जुन्या डायरीत स्वतःची बाजू लिहीत बसला. २० तारखेला सरकारनं एक लाख डॉलरचं इनाम जाहीर केलं, त्यात बूथवर पन्नास हजार, कटातला आणखी एक संशयित जॉन सरॅट आणि हेरॉल्डवर पंचवीस-पंचवीस. त्या पोस्टरचा मराठी तर्जुमा बाईंनी भिंतीवर लावलाय. जोन्स गरीब झालेला माणूस, युद्धात तुरुंग भोगलेला, त्याच्या समोर एका अधिकाऱ्यानं एक लाखाची गोष्ट काढली आणि हा गप्प राहिला, पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःच लिहून छापलं. एक बाई म्हणाल्या निष्ठा बघा केवढी. भूगोलाच्या बाई लगेच म्हणाल्या, निष्ठा कशाशी ते पण बघा. बस, एवढंच, आणि पुढे गेल्या. ह्या बाईंचं मला फार आवडलं.

इथेच लोकांच्या संतापाचा विषय निघाला. लिंकनची अंत्ययात्रेची रेल्वे २१ तारखेला वॉशिंग्टनहून निघाली, गावोगाव लाखो लोक रुळाच्या कडेला, आणि त्याच दिवसांत मारेकरी नदीकाठच्या झाडीत. जो कुणी लिंकनबद्दल वाकडं बोलला त्याला रस्त्यात बडवत होते. आपल्या भागाला हे नवीन नाही. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्यांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता अशा माणसांची घरं जळाली, कारण मारेकरी त्यांच्या जातीचा. मामांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलेलं, ते त्यांनी तिथे सांगितलं, नावं न घेता. सरांनी मध्ये अडवलं नाही. मला वाटतं खुनी नेमका कोण, कुणी मदत केली, हे पुराव्यानिशी शोधून काढणं का लागतं ते तिथे बसलेल्या कॉलेजच्या पोरांना त्या पाच मिनिटांत कळलं असेल, कारण तपास नीट झाला नाही की राग कुणावर पण निघतो.

मग नदी. २० च्या रात्री होडीनं पोटोमॅक ओलांडायला निघाले आणि अंधारात भरकटून परत मेरीलँडलाच लागले. शेवटी २३ ला व्हर्जिनियात. तिथे डॉक्टर स्टुअर्ट नावाच्या श्रीमंत माणसाच्या दारात गेले, त्यानं जेवण दिलं पण घरात ठेवून घेतलं नाही. आणि तिथून ते गेले विल्यम लूकसच्या झोपडीवर. हा भाग सांगायला सर खाली बसले आणि बाई उभ्या राहिल्या. लूकस काळा, स्वतंत्र माणूस, बायको आजारी. बूथनं सुरा दाखवून त्या दोघांना त्यांच्याच घरातून बाहेर काढलं आणि आत झोपला. सकाळी लूकसच्या पोरानं गाडी जुंपून या दोघांना रॅपाहॅनकच्या काठापर्यंत सोडलं. बाईंनी नकाशावर त्या जागी एक लाकडी ठोकळा ठेवलाय, बाकी सगळीकडे कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, इथेच फक्त ठोकळा. त्या म्हणाल्या की ज्या कारणासाठी हा माणूस खून करून आला ते कारण काय होतं ते या झोपडीत बघा, मोठमोठ्या पत्रांमध्ये बघू नका. बूथ स्टुअर्टला मात्र त्या रात्री झालेल्या अपमानाबद्दल चिठ्ठी पाठवतो, सोबत जेवणाचे अडीच डॉलर. याला घरात घेतलं नाही म्हणून अपमान झाला, आणि ज्यांना याने घराबाहेर काढलं त्यांच्याबद्दल डायरीत एक ओळ नाही. मी ही गोष्ट आधी कुठेतरी वाचली असेल पण अशी लागली नव्हती.

शेवटचा पाठलाग म्हणजे नशिबाचा खेळ, आणि सरांनी तो नशिबाचा खेळ म्हणूनच सांगितला, डिटेक्टिव्हची हुशारी म्हणून नाही. वॉशिंग्टनला बातमी आली की १६ तारखेला दोन माणसं नदी ओलांडून व्हर्जिनियात गेली. ती दोन माणसं भलतीच होती, बूथ तेव्हा झाडीत पडलेला. पण त्या चुकीच्या बातमीवर १६ वी न्यूयॉर्क घोडदळ पलटण, लेफ्टनंट डोहर्टी आणि २६ सैनिक, सोबत काँगर आणि बेकर हे दोन डिटेक्टिव्ह, स्टीमरनं खाली पाठवले आणि ते नेमके योग्य मुलखात उतरले. रॅपाहॅनकच्या उताराजवळ रोलिन्स नावाच्या कोळ्यानं फोटो बघून सांगितलं की हो, हा लंगडा माणूस काल पलीकडे गेला, सोबत दक्षिणेचे तीन सैनिक होते, त्यातला एक विली जेट, आणि त्या जेटची मैत्रीण बोलिंग ग्रीनच्या हॉटेलवाल्याची मुलगी. हॉटेलवर जाऊन जेटला झोपेतून उठवला आणि त्यानं गॅरेटच्या शेताचा पत्ता दिला. मामा इथे खूश. म्हणाले कागदावर कितीही आखा, शेवटी एक कोळी आणि एक पोरीचं प्रकरण, ह्यातनंच माणूस सापडतो.

२६ च्या पहाटे दोनच्या सुमाराला गॅरेटच्या तंबाखूच्या वखारीला वेढा. हेरॉल्ड हात वर करून बाहेर आला. बूथ येईना, मग काँगरनं वखार पेटवली, आणि फळ्यांच्या फटीतून बॉस्टन कॉर्बेट नावाच्या सार्जंटनं गोळी घातली, मानेतून आरपार. ओढून घराच्या ओसरीवर आणला, सकाळी सातच्या सुमाराला मेला. निपाणीकडचे एक काका आले होते, त्यांनी वखार कशी असते, फळ्यांत हवेसाठी फट का ठेवतात ते सांगितलं, मग आतला माणूस बाहेरून दिसेल कसा तो प्रश्नच मिटला. जिवंत पकडला असता तर कटामागे दक्षिणेचं रिचमंडमधलं सरकार होतं का नव्हतं यावर त्याला विचारता आलं असतं, मामांना याचं फार वाईट वाटलं, परत येताना गाडीत पण तेच बोलत होते. कॉर्बेटला अटक झाली, स्टँटननं सोडलं, आणि इनामातले १,६५३ डॉलर ८४ सेंट त्याच्या वाट्याला आले, बाकीच्या सैनिकांना जेवढे तेवढेच.

आता जे आवडलं नाही ते. खटल्याचा भाग वर्गात फार घाईत उरकला. सैनिकी आयोगापुढे आठ जण, मे-जूनमध्ये सुनावणी, ७ जुलैला चौघांना फाशी, त्यात मेरी सरॅट ही बोर्डिंग हाऊस चालवणारी बाई, अमेरिकेच्या केंद्र सरकारनं फाशी दिलेली पहिली स्त्री. नागरिकांना सैनिकी कोर्टापुढे उभं करणं बरोबर होतं का हा एवढा मोठा प्रश्न आणि त्याला वीस मिनिटं पण मिळाली नाहीत. त्या बाईचा मुलगा जॉन सरॅट कॅनडा, इंग्लंड करत रोममध्ये पोपच्या फौजेत भरती झाला आणि १८६६ च्या शेवटी इजिप्तमध्ये सापडला, मग १८६७ ला साध्या कोर्टात ज्युरीचं एकमत झालं नाही म्हणून सुटला. आई लष्करी कोर्टात फासावर आणि मुलगा साध्या कोर्टात मोकळा, हे शेजारी शेजारी ठेवून एक अख्खा तास बोलायला पाहिजे होतं. ह्यासाठी तिसरी संध्याकाळ ठेवा आणि वरचे दोनशे घ्या, आम्ही देतो.

दुसरं, महात्मा फुल्यांचा उल्लेख नाही हे मला खटकलं आणि मी सरांना तसं सांगितलं पण. १८७३ साली, म्हणजे ह्या सगळ्यानंतर आठ वर्षांनी, फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलं, इथून लांब नाही. आपल्या मातीतला माणूस त्या युद्धाकडे कुठून बघत होता हे सांगितलं तर समोर बसलेल्या पोराला ही परक्या देशाची गोष्ट वाटणार नाही. सर म्हणाले पुढच्या बॅचला घालतो, आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बारीकसारीक बाकी. माईकची सोय आहे पण मागच्या दोन रांगांना बाईंचा आवाज नीट येत नाही, पुढे बसा. लिफ्ट नाही, जिना उंच पायऱ्यांचा आहे, मामांना गुडघ्याचा त्रास म्हणून मध्ये थांबत चढावं लागलं, आयोजकांनी खालच्या मजल्यावर हॉल बघितला तर ज्येष्ठ मंडळी जास्त येतील. पाकिटातला टाईप फार लहान आहे, चष्मा विसरू नका. पार्किंगला गल्लीत जागा नसते, टू-व्हीलरनं गेलेलं बरं. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना जरूर न्या, त्याहून लहान नको, फाशीचे फोटो दाखवतात आणि आधी सांगत नाहीत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगायला पाहिजे. पैसे क्यूआर कोडनं भरता येतात. आणि बसायला गेल्यावर विचारलं तर रस्त्याची बाजू मागू नका, वॉशिंग्टनची मागा, माहिती उशिरा मिळणाऱ्या बाजूला बसण्यातच ह्या वर्गाची खरी मजा आहे.